कुठे माशी शिंकली?

ठरलेलं काम ऐनवेळी अडलं की आपण सहज म्हणून जातो, "सगळं नीट चाललं होतं, मग कुठे माशी शिंकली कोण जाणे." लहानपणी मला या वाक्प्रचाराचं फार कुतूहल होतं. माशीला नाक असतं का, ती शिंकते म्हणजे नेमकं काय करते, तिच्या शिंकण्याने लोकांची कामं का अडावीत, असले प्रश्न मी आजीला विचारायचो आणि आजी "जा, अभ्यास कर" म्हणून हाकलून द्यायची. अक्षरशः एका माशीमुळे एक मोठं काम अडल्याची गोष्ट मला कळली ती थेट वयाच्या तिशीत. तीही साता समुद्रापलीकडे, एका इस्पितळाच्या बाकड्यावर, मध्यरात्री दोन वाजता.

२००८ सालची गोष्ट. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी दक्षिण कॅलिफोर्नियात फोंटाना नावाच्या गावी होतो. लॉस एंजेलिसपासून पूर्वेला साधारण पन्नास मैल. हॉलिवूड, समुद्र, नारळासारखी दिसणारी ती उंच झाडं वगैरे कल्पना मनात घेऊन गेलो होतो. प्रत्यक्षात समोर आली ती गोदामं. एकेक गोदाम असं की आत पेशवे पार्क बसावं आणि वर गाड्या लावायला जागा उरावी. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांत उतरलेला माल ट्रक आणि रेल्वेने इथे येतो, खोक्यांतून खोक्यांत जातो आणि पुढे अमेरिकाभर फुटतो. कुठला खोका कुठल्या फळीवर ठेवलाय हे सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. (लिहीत होतो म्हणजे, दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करत होतो. असो.)

तर एका रात्री माझा रूममेट सुऱ्या पोट धरून ओरडायला लागला. मुतखडा निघाला, पण ते नंतर कळलं. मी त्याला गाडीत घातलं आणि शेजारच्या कोल्टन गावातल्या काउंटीच्या इस्पितळात नेलं. सुऱ्याला आत घेतल्यावर मी बाहेर बसलो. शेजारी एक आजोबा होते, बायकोला घेऊन आलेले. जन्म कोल्टनमध्येच गेलेला, वडील सिमेंटच्या कारखान्यात, हेही तिथेच. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, दिल्लीचा का? नाही, पुण्याचा. मग हसून म्हणाले, बरं झालं, कारण या इस्पितळाला एकदा दिल्लीच्या माशीने अडीचशे फूट मागे ढकललं होतं.

मला वाटलं झोपेमुळे माझं इंग्रजी गेलं. पण नाही, ते खरंच माशी म्हणत होते.

पुढच्या कित्येक शनिवार-रविवारी मी या माशीच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

आधी दिल्लीचा खुलासा. ही माशी आपल्या दिल्लीची नाही. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, मर्सेड काउंटीत, त्याच स्पेलिंगचं एक छोटं गाव आहे. तिथले लोक त्याचा उच्चार 'डेल-हाय' असा करतात, पहिल्यांदा ऐकलं की दातात खडा आल्यासारखं होतं. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना आणि होतकरू शेतकऱ्यांना जमीन देऊन वसवायची म्हणून राज्य सरकारने तिथे एक वसाहत काढली. तिचा कर्ताधर्ता एलवुड मीड. पुढे हूवर धरणामागच्या प्रचंड जलाशयाला ज्याचं नाव दिलं तोच हा मीड. वसाहत फसली, आणि फसण्याच्या कारणांत तिथली भुसभुशीत रेताड जमीनही होती. मृदाशास्त्रज्ञ जमिनीच्या प्रकारांना गावांची नावं देतात. त्या रीतीने अशा बारीक, वाऱ्याने उडून साचलेल्या रेतीला 'डेल्ही सँड' हे नाव मिळालं. तसलीच रेती तीनशे मैल दक्षिणेला, कोल्टनच्या आसपासही आहे. त्या रेतीत राहते म्हणून ही 'डेल्ही सँड्स' माशी. पूर्ण नावात पुढे 'फ्लॉवर-लव्हिंग', म्हणजे फुलांवर प्रेम करणारी, असंही एक शेपूट आहे. एवढं काव्यमय नाव असलेला दुसरा वादी-प्रतिवादी अमेरिकन कोर्टाने पाहिला नसेल.

ही रेती कोल्टनला आली कुठून? उत्तरेला डोंगररांगेत कॅहोन नावाची खिंड आहे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडे, माजलेले वारे या खिंडीतून खाली कोसळतात. सांता आना वारे म्हणतात त्यांना, कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या बातम्यांत हे नाव हमखास येतं. डोंगरातून ओढ्यांनी वाहून आणलेली रेती हे वारे उचलतात आणि पुढे टाकतात. हजारो वर्षं हा कारभार चालला. त्यातून सुमारे चाळीस चौरस मैलांच्या टेकड्या तयार झाल्या. समुद्र नाही, किनारा नाही, आणि रेतीच्या टेकड्या.

माशी या रेतीतली. कीटकशास्त्रज्ञ माँट केझियर यांनी १९४१ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि लॅटिन नाव दिलं. इंचभर लांब, नारिंगी-तपकिरी अंग, पोटावर गडद ठिपके, हिरवे डोळे आणि पुढे सोंडेसारखी लांब नळी. त्या नळीने ती फुलातला मध पिते, आणि तेही हवेत एका जागी तरंगत, हमिंगबर्डसारखं. तिचं आवडतं झुडूप कॅलिफोर्निया बकव्हीट, उपवासाच्या कुट्टूच्या घराण्यातलं. उसळीवर बसणाऱ्या आपल्या माशीशी तिची तुलना करणं म्हणजे शिंगी घोड्याची खेचराशी तुलना करणं आहे. ती चावत नाही, घरात येत नाही, कशावर बसून काही पसरवत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. आपण जिला माशी म्हणतो ते या प्राण्याच्या आयुष्याचं शेवटचं, अगदी छोटं प्रकरण. मादी पोटाचं टोक रेतीत खुपसून अंडी घालते. बारा-एक दिवसांत अळी बाहेर येते आणि खाली जाते. मग ती रेतीखालीच वाढते, बहुधा दोन वर्षं किंवा जास्त. शेवटी कोष वर सरकतो, रेतीतून डोकं काढतो, त्यातून माशी बाहेर पडते. रिकामा कोष तिथेच उभा राहतो. ही माशी मग जगते फक्त काही दिवस. दिसते ती उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, तीही भर दुपारी, जेव्हा शहाणी माणसं एसीखाली असतात. म्हणजे वर्षातले दहा-साडेदहा महिने तुम्ही त्या जमिनीवर उभे राहिलात तर तुम्हाला दिसेल एक ओसाड, रेताड, कचरा टाकायला सोयीचा प्लॉट. आणि तुमच्या बुटाखाली, हातभर खोल, ती असेल.

ती दिसत नसल्याचे परिणाम सगळे तिलाच भोगावे लागले.

कारण रेती सगळ्यांना हवी होती. १९०० साली सेकोंदो ग्वास्ती नावाच्या इटालियन माणसाने इथे द्राक्षबागेची कंपनी काढली. वरून कोरडी ठाक रेती, पण खाली ओल आहे आणि वेलीची मुळं तिथपर्यंत जातात हे त्याने ओळखलं. त्याची बाग पाच हजार एकरांवर गेली. जगातली सर्वांत मोठी द्राक्षबाग म्हणून तिची जाहिरात व्हायची. (नाशिककरांनी रागावू नये.) मग संत्री-मोसंबी. मग दुसऱ्या महायुद्धात फोंटानाला पोलादाचा कारखाना. मग दूधवाले आले, आणि गोठ्यातलं शेण रेतीवर पसरायला लागले. शेणखत म्हणजे आपल्याला पुण्यकर्म वाटतं, पण सुट्या रेतीत जगणाऱ्या अळीच्या दृष्टीने तो गिलावाच. त्यातून तण माजतं, मुळं रेती पकडून ठेवतात, जमीन घट्ट होते. शेवटी हायवे, घरं, आणि आमची गोदामं. १९९३ सालापर्यंत मूळ टेकड्यांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त भाग गेला होता. उरलेले तुकडेही सलग नव्हते, मध्ये इंटरस्टेट १० आणि रेल्वेचं यार्ड.

कोल्टन गावाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे गावच मुळी येण्याजाण्यावर उभं आहे. सदर्न पॅसिफिक रेल्वेने ते वसवलं, रेल्वेच्याच एका बड्या अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. १८८३ साली दुसऱ्या कंपनीला आपले रूळ ओलांडू द्यायचे नाहीत म्हणून सदर्न पॅसिफिकने क्रॉसिंगवर इंजिन आणून उभं केलं होतं. बंदुका घेऊन माणसं समोरासमोर आली होती. १८८७ साली या गावाने मार्शल म्हणून निवडून दिला तो व्हर्जिल अर्प. वेस्टर्न सिनेमे पाहणाऱ्यांना ते आडनाव माहीत असेल. त्या क्रॉसिंगचा तिढा सुटला कधी, तर २०१३ साली, रुळांवरून रुळांचा पूल बांधला तेव्हा. एकशे तीस वर्षं! आपल्याकडच्या उड्डाणपुलांना उगीच नावं ठेवतो आपण.

गावाच्या कडेला स्लोव्हर नावाचा डोंगर होता. सिमेंटसाठी तो शंभरावर वर्षं फोडला. त्या आजोबांच्या घराण्याने तोच फोडला होता. गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कामगारांचं गाव. त्यांचं म्हणणं साधं होतं. धूळ आम्ही खाल्ली, रेल्वेचा आवाज आम्ही ऐकला, बाकीच्यांचा कचरा आमच्या रेतीवर पडला, तेव्हा कुणी आलं नाही. गावात धड इस्पितळ येणार म्हटल्यावर सरकारला माशी दिसली.

हे मला त्या रात्री शंभर टक्के पटलं होतं. सुऱ्या आत कण्हत होता, आणि इस्पितळ मोठं की माशी, हा काय प्रश्न झाला?

आता त्या तारखेकडे येऊ. अमेरिकेत १९७३ साली धोक्यात आलेल्या जीवजातींचा कायदा झाला, निक्सनच्या सहीने. यादीत नाव लागलं की त्या जीवाला मारणं, पकडणं, त्याचं राहण्याचं ठिकाण उद्ध्वस्त करून त्याला इजा करणं गुन्हा, मग जमीन खाजगी का असेना. रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ ग्रेग बॉलमर यांनी १९८९ साली या माशीसाठी अर्ज केला. सरकारी गतीने चार वर्षं गेली. दरम्यान सॅन बर्नार्डिनो काउंटीने ४७ कोटी डॉलरच्या नव्या इस्पितळाचा आराखडा केला. आणि भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी, २३ सप्टेंबर १९९३ रोजी, माशी यादीत आली. त्या यादीत आलेली ही पहिलीच माशी.

आदल्या दिवशी! आपल्याकडे कुणी म्हटलं असतं मुहूर्त चुकला.

पुढे काय झालं याच्या ज्या आवृत्त्या तिथे चालतात त्या ऐकल्या तर वाटेल इस्पितळ झालंच नाही. प्रत्यक्षात वन्यजीव खात्याने आणि काउंटीने बसून तोडगा काढला. इमारत २५० फूट उत्तरेला सरकवली, थोडी रेती राखून ठेवली, माशांना एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला पट्टा सोडला. काउंटीच्या हिशेबाने याचा खर्च तीसेक लाख डॉलर. सत्तेचाळीस कोटींत तीस लाख म्हणजे ०.६ टक्के. मी आजवर ज्या प्रोजेक्टांवर काम केलं त्यांत यापेक्षा जास्त टक्के नुसते लोगोचा रंग ठरवण्यात गेलेत. १९९५ साली विजेच्या उपकेंद्रालाही परवानगी मिळाली. इस्पितळ १९९९ साली सुरू झालं, भूकंपात हादरे बसू नयेत अशा खास पायावर. सुऱ्याचा खडा तिथेच निघाला.

अडलं ते एका चौकावरून. रुग्णवाहिकांना आत शिरणं सोपं जावं म्हणून काउंटीला जवळचा चौक मोठा करायचा होता. खातं म्हणालं, चौक वाढला तर माशीचा पट्टा तुटेल, माशा मरतील, कायदा मोडेल. मग काउंटी, कोल्टन आणि फोंटाना ही शहरं, आणि देशभरच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना अशा सगळ्यांनी मिळून केंद्र सरकारवर दावा लावला.

हा दावा मात्र भन्नाट आहे. त्यांनी असं म्हटलं नाही की माशी महत्त्वाची नाही. ते म्हणाले, माशी तुमच्या अखत्यारीतच येत नाही.

झालं असं की अमेरिकेच्या संघराज्यात केंद्राला राज्यघटनेने जेवढं दिलंय तेवढंच करता येतं. आपल्याकडे केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. वन्यजीव आधी राज्यांकडे होते, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत आले. अमेरिकेत असा सरळ कप्पाच नाही. तिथे केंद्राच्या बहुतेक कायद्यांचा आधार एकच, राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करण्याचा अधिकार. वन्यजीवांचा कायदाही त्याच खुंटीला टांगलेला. आणि १९९५ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात सांगितलं की शाळेत बंदूक नेणं हा काही व्यापार नव्हे, त्याला केंद्राचा कायदा लावता येणार नाही. कित्येक दशकांत पहिल्यांदाच असं झालं होतं. वकिलांनी ते ऐकलं आणि म्हणाले, बंदूक जर व्यापार नाही तर माशी कशी? ही माशी एका राज्याच्या दोन काउंट्या सोडून कुठे जात नाही. तिच्या तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या वसाहती आठ मैल त्रिज्येच्या वर्तुळात मावतात. तिला कुणी विकत नाही, विकत घेत नाही, पर्यटक तिला पाहायला येत नाहीत.

आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनला फक्त 'व्यापार' या टाइपचं आर्ग्युमेंट चालतं, आणि तुम्ही पाठवताय माशी. कंपायलर एरर!

वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात तीन न्यायाधीश होते आणि ५ डिसेंबर १९९७ रोजी तिघांनी तीन वेगळी निकालपत्रं लिहिली. मी ती तिन्ही वाचली. (वीकांताला करण्यासारखं दुसरं काय असतं फोंटानात?) पॅट्रिशिया वॉल्ड यांनी माशीच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे जैवविविधता ही संपत्ती आहे. आज ज्या किड्याचा उपयोग माहीत नाही त्यातून उद्या औषध निघू शकतं, आणि अशा जाती एकेक करून जाऊ दिल्या तर त्याचा परिणाम देशाच्या व्यापारावर होणारच. दुसरी म्हणजे राज्याराज्यांतली चढाओढ. एका राज्याने रक्षण केलं आणि शेजारच्याने मोकळं रान दिलं तर धंदे शेजारी पळतील, म्हणून केंद्राने सगळ्यांना एकच नियम लावणं रास्त आहे.

कॅरन हेंडरसन म्हणाल्या, निकाल मान्य, औषधाचं कारण अमान्य. उपयोग माहीतच नाही तर त्याची किंमत आहे असं तरी कसं म्हणता? पण एक जात गेली की तिच्या भोवतालचं सगळं हलतं. आणि शिवाय इथे माशीवर घाला घालतंय ते इस्पितळ, त्याचे रस्ते, तिथे येणारी माणसं आणि माल, तो तर राज्याबाहेरचा व्यापार आहे ना? म्हणजे माशीला व्यापार ठरवायची गरजच नाही, बुलडोझर पुरेसा आहे.

डेव्हिड सेंटेल यांनी विरोधात लिहिलं. त्यांचं म्हणणं, असं धागे जोडत गेलात तर जगातली कुठलीही गोष्ट व्यापार ठरेल, मग केंद्राच्या अधिकाराला मर्यादा ती काय उरली? खरं सांगतो, नुसता तर्क पाहिला तर तिघांत सर्वांत खणखणीत मला सेंटेलच वाटले. तर्क बरोबर असूनही उत्तर चुकलेलं असू शकतं, हे मात्र रोज डीबगिंग करणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला पटलं ते हेंडरसनबाईंचं. मी ज्या गोदामात बसून हे वाचत होतो त्याच्या एका दारातून चीनचा माल आत येत होता आणि दुसऱ्या दारातून ओहायोला जात होता. आणि त्या गोदामाखाली काय होतं? रेती.

दोन विरुद्ध एक. माशी जिंकली. १९९८ साली सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. हा प्रश्न पुढे २००३ साली पुन्हा आला, या वेळी कॅलिफोर्नियातल्याच एका भेकावरून, आणि तेव्हा अपील कोर्टाने पुनर्विचार करायला हवा होता असं वेगळं मत लिहिणारे एक न्यायाधीश होते जॉन रॉबर्ट्स. दोनच वर्षांत ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. कायदा अजून टिकून आहे, पण त्या खुंटीकडे अधूनमधून कुणीतरी बघतंच.

कोर्टात जिंकून माशीचं भलं झालं का? थोडं झालं, थोडं नाही. इस्पितळाच्या आसपासची जी जमीन कोल्टनला विकसित करायची होती ती वर्षानुवर्षं अडकून पडली. दुकानं नाहीत, म्हणजे कर नाही, म्हणजे आजोबांच्या गावाच्या तिजोरीत खडखडाट. दुसरीकडे मोठमोठे विकासक वकील आणि सल्लागार लावून वाट काढत राहिले. रेताड जमिनीवर बांधायचं असेल तर आधी सर्वेक्षण करावं लागतं, लागोपाठ दोन वर्षं, जुलै ते सप्टेंबर, आठवड्यातून दोनदा, भर उन्हात. माशी दिसली नाही तर सुटलात. यासाठी परवानाधारक माशी-निरीक्षक असतात! हा व्यवसाय मला दहावीला कुणी सांगितला नव्हता. गोम अशी की माशी दिसू नये अशी ज्याची इच्छा आहे तो आधीच जमिनीवर नांगर फिरवू शकतो, खत पसरू शकतो, शेजारी कचरा टाकून गेला तर डोळेझाक करू शकतो. यादीत नाव आल्याने रेतीचं रक्षण झालं तसंच रेतीचं वैरही वाढलं. हे त्या कायद्याच्या बाजूने बोलणारे लोक मोकळेपणाने मान्य करत नाहीत, करायला हवं.

आणि मग २००५ साली जे झालं ते वाचून मी एकटाच हसलो. व्हल्कन नावाच्या खडी-वाळूच्या कंपनीने कोल्टनमधली आपली दीडशे एकर रेती 'संवर्धन बँक' म्हणून राखून ठेवली. म्हणजे काय, तर दुसरीकडे माशीची जमीन बुडवणाऱ्याने इथे एकराच्या हिशेबाने क्रेडिट विकत घ्यायची. त्या पैशांतून इथलं तण काढायचं, रेती सुटी ठेवायची, बकव्हीट लावायचं. जिच्याबद्दल मोठमोठे वकील कोर्टात छातीठोक सांगत होते की हिचा व्यापाराशी काडीचा संबंध नाही, तिच्या रेतीला एकरी भाव आला. टाइपकास्ट यशस्वी. :)

चांगलं की वाईट? मला विचाराल तर दीडशे एकर सलग, राखलेली रेती ही गोदामांच्या मधल्या दोन-दोन एकरांच्या कुंपणबंद तुकड्यांपेक्षा केव्हाही बरी. खातंही तुकड्यांच्या भरवशावर नाही. त्यांच्या १९९७ च्या आराखड्यात कोल्टन, हुरूपा आणि ऑन्टारिओ असे तीन भाग ठरवून त्यांतली रेती सांभाळायची असं म्हटलंय. पण टेकड्या नव्याने तयार होण्यासाठी खिंडीतून रेती उडून यायला हवी, आणि मध्ये आता गावंच्या गावं उभी आहेत. वारा तोच आहे, पण रेतीची वाट बंद. म्हणजे जेवढी आहे तेवढीच.

एक आशेची गोष्टही आहे. या माशीची एक सख्खी बहीण, एल सेगुंडोची माशी, लॉस एंजेलिस विमानतळाजवळच्या टेकड्यांत असायची. तिथून ती गेली आणि नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. २००१ साली ती काही मैल दक्षिणेला, पालोस व्हर्डेसच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या रेतीच्या उतारावर सापडली. तेवढा सारा काळ ती तिथेच होती, रेतीखाली. ती नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा चुकीच्या महिन्यात पाहिलं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कामासाठी पुन्हा त्या बाजूला जाणं झालं. एक शनिवार मोकळा होता. भाड्याची गाडी काढली आणि कोल्टनला गेलो. पेपर अव्हेन्यूवरून इस्पितळ तसंच दिसतं, अवाढव्य, पांढरं. स्लोव्हर डोंगराच्या जागी आता डोंगर म्हणावं असं काही नाही. इस्पितळाच्या जवळच्या एका मोकळ्या रेतीच्या कुंपणाला लागून मी उभा राहिलो. सकाळचे साडेअकरा. अंगातलं पाणी आटेल असं ऊन. बकव्हीटची फुलं वाळून गंजाच्या रंगाची झाली होती. कुंपणाला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. आत कुणीतरी जुना टायर फेकलेला. मुंग्यांची एक रांग टायरला वळसा घालून चालली होती. मागून एक रुग्णवाहिका आली, चौकातून वळली आणि आत गेली, काही अडचण न येता.

त्या आजोबांची आठवण झाली. त्यांच्या बायकोचं त्या रात्री पुढे काय झालं ते मी विचारलंच नव्हतं. सुऱ्याला बाहेर आणलं, गाडीत घातलं आणि निघालो होतो.

पाऊण तास थांबलो. एक हमिंगबर्ड येऊन गेला, त्याने क्षणभर फसवलं. मग घशाला कोरड पडली तेव्हा रेतीचा फोटो काढून पुण्याला सुऱ्याला पाठवला. तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले असणार, पण तो जागाच होता.

"माशी दिसली का?"

"नाही."

"किती वेळ उभा आहेस?"

"पाऊण तास."

"थोडक्यात, एवढ्या लांब जाऊन माशा मारत बसलायस."

मी त्याला लिहिलं की बाबा रे, मारल्या तर दंड आहे.